रोहानीचा मासा

"आल्याचे काप जाड ठेव. आणि पाण्याला खळखळून उकळी आल्याशिवाय जिताडा वाफेवर चढवायचा नाही," रोहानी म्हणाली.

"मीठ किती घालायचं, ताई?"

रोहानी जरा अडखळली. "तळहाताच्या खळग्यात मावेल इतकं असायचं. पांढरा मासा एकदाच मरतो गं. जास्त शिजवून त्याला पुन्हा मारू नकोस." आणि स्वतःशीच हसली.

जुमरियाला हसू आलं नाही. मकासर बंदरामागच्या या खोलीत, नवऱ्याच्या पहिल्या बायकोकडे, ती आज पहिल्यांदाच आली होती. इलाजच उरला नव्हता. पाच महिन्यांपूर्वी नवऱ्याचं, बसरीचं, उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. आता महिनाभर त्याची अन्नावरची वासनाच उडाली होती. घास तोंडाशी नेला की तो मान फिरवायचा आणि दोनच शब्द कसेबसे बाहेर ढकलायचा : "रोहानीचा मासा."

अठरा वर्षं जुमरिया त्याला रांधून घालत होती. पानात पडेल ते तो मुकाट जेवायचा. कधी नावं ठेवली नाहीत, कधी कौतुक केलं नाही, स्वयंपाकघरात कधी डोकावलाही नाही. तिने त्याला दोन मुली दिल्या. रोहानीला मूल नाही म्हणून तर सासूने तो संसार मोडला होता. तरी शेवटी नाव निघालं ते रोहानीचंच.

घरी येऊन तिने जिताड्याला दोन्ही अंगांनी चिरा दिल्या, आलं खोचलं, वाफवला. बसरीने एक घास घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग त्याने मान फिरवली.

दोन दिवसांनी ती पुन्हा गेली. या वेळी रोहानीने हळद-चिंचेचा रस्सा सांगितला. "चिंच किती?" विचारलं, तर म्हणाली, "रस्सा संध्याकाळच्या उन्हासारखा दिसला पाहिजे."

"अहो, दिसण्यावरून कसं कळणार? गोळा केवढा घेऊ?"

"ते नाही सांगता येणार मला."

तोही मासा परत आला. नंतरचा, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेलाही. बसरीच्या गालांची हाडं वर आली होती. डाव्या हाताने तो चादर चाचपत राहायचा, काहीतरी हरवल्यासारखा.

चौथ्या वेळी जुमरिया दारातूनच कडाडली. "ताई, तुम्ही सगळं सांगत नाही. मोजमाप विचारलं की तोंड फिरवता. माझा राग असेल तर मला चार शिव्या घाला. पण तो माणूस उपाशी मरतोय हो!"

शिवणाचं कापड रोहानीच्या मांडीवरून घसरून खाली पडलं.

जुमरिया खाली टेकली आणि तिने रोहानीचे दोन्ही हात धरले. अठरा वर्षं मनात ज्या हातांचा हेवा केला, तेच. "पाया पडते. माझ्या घरी चला. माझी चूल घ्या, भांडी घ्या, मी बाहेर बसते. तुमच्या हातचा एकदा करून घाला त्याला. एवढंच मागणं आहे त्याचं."

"माझ्या हातचा?" रोहानीने तिच्याकडे नवलाने पाहिलं. मग तिचे डोळे हळूहळू भरून आले.

"अगं, मला कुठला मासा येतोय? मी नुसती बघत बसायचे. त्या घरात मासा तोच करायचा. रोज. माझ्यासाठी."