लेकाच्या नावानं

“उस्ताद, आवाज येऊन राहिला का?” पंचफुलानं दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठं प्रेमदास भानावर आला.

“येतो. शहराचं नाव काय म्हणालात?”

तिनं आखातातल्या त्या शहराचं नाव पुन्हा सांगितलं. तिचा नवरा ज्या इमारतीच्या कामावर होता, तिचंही सांगितलं. प्रेमदासनं बारा वर्षं त्याच शहरात गाड्या हाकल्या होत्या. अरबी तिथंच त्याच्या जिभेवर बसली होती.

आता तो पुसेगावजवळच्या तांड्यात सोयाबीन पिकवायचा आणि आठवड्यातून दोन दुपारी काळीपिवळी जीपनं हिंगोलीला यायचा. संतरामच्या सायबर कॅफेत, वीज असेल तेवढा वेळ, हेडफोन लावून तो अरबी शिकवायचा. आखातात निघालेले गवंडी, ड्रायव्हर, आया अशी बाप्ये-बाया माणसं कुठून कुठून त्याच्यामागं पाढे म्हटल्यासारखी वाक्यं म्हणायची. संगणक त्याला कुलदीपनं, थोरल्या पोरानं, नोकरीवर जायच्या आधी शिकवला होता. ‘बापू, माऊस म्हंजे औत न्हाई, हळू धरा,’ असं चिडवायचा.

ही शिकवणी पुण्याच्या एका क्लासनं लावून दिली होती. क्लासचा नियम असा की शिकवणाऱ्यानं नाव-गाव सांगायचं नाही. सगळे त्याला नुसतं उस्ताद म्हणत.

पंचफुला मूळची हट्ट्याची, औरंगाबादला एका दवाखान्यात आया होती. तिला आखातात जायचं नव्हतं. तिचा नवरा रत्नपाल तिथं तुरुंगात होता. कामावर भांडण झालं, त्यानं एका माणसाला धक्का दिला, तो माणूस तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि मेला. तिकडच्या कायद्यानं रत्नपालला फाशी होणार होती. मयताच्या आई-बापानं माफ केलं, तरच ती टळणार होती. मयत कोण, हे तिला ठाऊक नव्हतं; आई-बाप ऐकून घ्यायला तयार झाले की त्याचं नाव सांगतो आणि फोन जोडून देतो, असं तिथल्या मध्यस्थानं कळवलं होतं.

“तिकडचीच माणसं असतील,” ती म्हणाली. “त्यांच्या बोलीत मागावं म्हणते. मला तेवढीच माफी शिकवा, उस्ताद. दुसरं काही नको.”

“आधी पाया,” प्रेमदास म्हणाला.

त्यानं तिला आकडे शिकवले. मग वार शिकवले. मग बाजारातला कांदा-बटाटा. ती माफीचं विचारायची, तो म्हणायचा, घाई करू नका. तिकडं फाशीची टांगती तलवार आणि इकडं उस्तादाचं घोडं कांद्यापाशी पेंड खात बसलेलं. खरं तर त्याला कशाचीच घाई वाटत नव्हती. भाकरीला चव लागत नव्हती. सोयाबीनवर अळी पडली तरी तो बांधावर नुसता उभा राहायचा.

घरीही तेच. नानीबाई रांधायची, ताट पुढं करायची आणि उंबऱ्यात जाऊन बसायची. काही महिन्यांपासून ती नवऱ्याशी बोलत नव्हती. शेजारणी यायच्या, पीकपाण्याचं बोलून, जपून जपून निघून जायच्या. प्रेमदासनं तिला कधी ‘काहून बोलत न्हाईस’ असं विचारलं नाही.

एके दुपारी वांग्याला काय म्हणतात ते शिकवताना पंचफुला मध्येच थांबली.

“आमची आकांक्षा रोज विचारते, पप्पा कवा येतील. तिला काय वांगं-बटाटा सांगू, उस्ताद?”

तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं. रडून झालं असावं. प्रेमदासनं तास तिथंच थांबवला. त्या दिवशी तो जीपची वाट न बघता बराच रस्ता पायी चालत गेला.

पुढच्या तासाला त्यानं आपणहून माफीचं वाक्य दिलं. “सामिही झौजी. माझ्या नवऱ्याला माफ कर. पण त्याआधी हाक मारायची. अरबीत आईला तिच्या लेकाच्या नावानं हाक मारतात. ‘या’ म्हणजे अगं, उम्म म्हणजे आई. या उम्म, आणि पुढं लेकाचं नाव.”

“पण लेक तर मेला. त्या माउलीला ते नाव ऐकून तकलीफ होईल.”

“लोक असंच समजतात,” प्रेमदास म्हणाला. “म्हणून तिच्यापुढं ते नाव कोणी काढत न्हाई. तुमी काढा.”

मग किती तास ते एकच वाक्य चाललं. नावाच्या जागी ती थोडी थांबायची आणि पुढं जायची. तो थांबा त्यानं कधी दुरुस्त केला नाही.

शेवटच्या तासाला तो नानीबाईला घेऊन आला. हिंगोलीला चल, एवढंच म्हणाला होता. ती काही न विचारता जीपमध्ये बसली. कॅफेत संतरामनं तिला स्टूल दिलं, त्यावर पदर सावरून ती भिंतीकडं बघत बसली.

“उस्ताद, ते ऐकून घ्यायला तयार झाले,” पंचफुला घाईनं म्हणाली. “मध्यस्थानं आताच नाव सांगितलं. पण ते नाव तर...”

“मला नका सांगू. वाक्यातच घ्या. थोडं थांबून बोला.”

त्यानं हेडफोन काढला आणि नानीबाईच्या कानांवर चढवला. ती दचकली, पण तिनं तो काढला नाही. तिकडं पंचफुलानं श्वास घेतला आणि शिकवल्याप्रमाणे अगदी बराबर म्हटलं, “या उम्म कुलदीप, सामिही झौजी.”

नानीबाईनं दोन्ही हातांनी हेडफोन कानांशी दाबून धरला.

“बाई,” ती म्हणाली, “माझ्या लेकराचं नाव आणखी एकदा घे.”