यूएसबी सगळ्यात वर

"आता चालू करा, आणि लगेच एफ-टू दाबत राहा. एकदाच नाही, टकटक टकटक."

बाबांनी मुलीचा फोन स्पीकरवर ठेवला आणि दाबत राहिले. शिलाई यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. पण या यंत्रापुढे ते अगदीच नवखे होते.

आई जाऊन सात महिने झाले होते. शेवटच्या दुखण्यात ती दुपारची याच कॉम्प्युटरपुढे बसून हळू आवाजात काहीतरी रेकॉर्ड करायची. ते ऐकायचा धीर बाबांना इतके दिवस झाला नव्हता. आता झाला, तर कॉम्प्युटर सुरूच होईना. कोपऱ्यावरचा दुकानदार बघून देतो म्हणाला होता. मुलगीच नको म्हणाली, आईचं बोलणं परक्याने का ऐकायचं? याने दुरुस्त होईल म्हणत तिने कुरियरने पेन ड्राइव्ह धाडला, तो बाबांनी आता कॉम्प्युटरला लावला होता.

"निळा पडदा आला ग!"

"छान. बाणाने 'बूट'वर जा. यादीत यूएसबी असेल, ते सगळ्यात वर न्या. म्हणजे मशीन आधी पेन ड्राइव्हला विचारेल. मग एफ-टेन."

"तुझी आई असती तर म्हणाली असती, ह्यांना घरात चष्मा सापडत नाही, आणि निघाले कॉम्प्युटर उघडायला." बाबा स्वतःशीच हसले.

"एफ-टेन दाबलं का?" मुलीने विचारलं.

"तांबड्या अक्षरांत काहीतरी लांबलचक आलंय. एकेक अक्षर वाचून दाखवू?"

"नको. एंटर दाबा."

त्यांनी दाबलं. पडद्यावर एक पट्टी सरकत राहिली. अर्ध्या तासाने कॉम्प्युटर सुरू झाला, अगदी कोरा करकरीत. आईचं फोल्डर नव्हतं. काहीच नव्हतं. बाबांनी सगळीकडे शोधलं, मग खुर्चीतच खचले. एकदा, फक्त एकदाच तिचा आवाज ऐकायचा होता त्यांना.

"माझंच चुकलं, बाबा. सगळं पुसलं गेलं."

"रडू नकोस ग. मीच काहीतरी घोळ घातला असणार. तिचा आवाज काय, कानात आहेच माझ्या."

ते खोटं होतं. हल्ली तो आवाज त्यांना आठवेनासा झाला होता.

मुलीने फोन ठेवला. खोलीचं दार लावून घेतलं. आजारपणात भेटायला गेली होती तेव्हा आईने तिच्या लॅपटॉपवर उतरवून दिलेली फाईल तिने शेवटची एकदा लावली.

"लग्नाला चाळीस वर्षं झाली ग," आईचा शांत आवाज आला, "हे मला एक दिवसही आवडले नाहीत."