मुद्द्यांवरून गोष्ट

“गाडी कुठून काढलीत?” बायकोने विचारलं.

“दवाखान्यासमोरून.”

“पुन्हा चुकलात! औषधांच्या दुकानासमोरून. दवाखाना काल बंद होता.”

मुद्रितशोधकाने चष्मा काढून डोळे चोळले. छापखान्यात तीस वर्षं त्याने लोकांच्या चुका काढल्या होत्या. आज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याच्याच चुका निघत होत्या, आणि त्याही कशात, तर धादांत खोट्या गोष्टीत!

सकाळी बायकोने त्याला हलवून उठवलं होतं. काल संध्याकाळी पुलाच्या उतारावर आपल्या गाडीने एका सायकलवाल्याला उडवलं. बाळ्या चालवत होता, तो घाबरून पळाला. मी त्याला कालच मामाकडे धाडलंय. आणि तो माणूस पहाटे गेला हो! एवढं बोलून ती मटकन खाली बसली होती.

बाळ्या त्यांचा एकुलता एक. नुकती नोकरी लागलेली, पुढच्या महिन्यात लग्न. बापाने क्षणभरही विचार केला नाही.

“माझं आता काय राहिलंय? मी चालवत होतो म्हणून सांगतो.”

“नुसतं सांगून भागत नाही,” ती म्हणाली होती. “फौजदार काय दुधखुळा आहे? आधी मुद्दे ठरवू, मग गोष्ट जुळवू. मी मुद्दे मांडते, तुम्ही खोट काढा.”

खोट काढण्यात त्याचा हात कोण धरणार! दुपार झाली तरी त्याचं चालूच होतं.

“सायकल मला दिसली कशी नाही?”

“मागे दिवा नव्हता. काळा शर्ट. त्यात समोरून ट्रकचा झोत डोळ्यांवर आला.”

“ब्रेक?”

“दाबला. पण उशीर झाला.” तिचा आवाज चिरकला. “खाली उतरून बघितलं तर तो हात हलवत होता हो.”

त्याला भडभडून आलं. लेकाचं पाप आईने किती जिवाला लावून घ्यावं! त्याने तिचा हात घट्ट धरला.

“बाळ्याशी एकदा बोलू दे मला.”

“नको! त्याला फोन बंद ठेवायला सांगितलंय. त्याच्यासाठीच करताय ना हे सगळं?”

“अगं, मग आणखी कोणासाठी?”

तिने मान खाली घातली. मग कागद पुढे ओढला आणि एकटाकी दोन पानं लिहून काढली.

“चौकीत तुमची फे फे उडेल. त्यापेक्षा हेच द्या. आधी खाली सही करा.”

त्याने सही केली आणि कागद घडी करून खिशात घातला.

चौकीत हवालदाराने त्याला बाकावर बसवलं. “जबाब लिहूनच आणलाय? बरं केलंत. साहेब येतीलच पाच मिनिटांत.”

पाच मिनिटं होती म्हणून त्याने घडी उघडली. सवयीने तो अक्षर न् अक्षर तपासू लागला. पहिलं पान बिनचूक होतं. दुसऱ्यावर त्याचं बोट थांबलं.

‘मी जोरात ब्रेक दाबला. मी खाली उतरले. तो हात हलवत होता. मी घाबरले. मी परत गाडीत बसले आणि घरी आले.’

त्याने ते तीनदा वाचलं.

“चला आजोबा, साहेब आले,” हवालदाराने हाक मारली. “द्या तो कागद.”

“जरा थांबा. थोडं शुद्धलेखन राहिलंय,” तो म्हणाला, आणि पेन उघडून त्याने एकेका ‘ले’ला काना दिला.