मस्कतचा फोन

वैशाखऱ्यात फाडफाड इंग्रजी बोलणारा शेखर एकटाच, आणि गावात फोनही एकच. तो होता थोरल्या भावाकडे, धाऊकडे. बांधाच्या भांडणापासून दोघांचा अबोला. तरी मस्कतच्या हॉटेलवाल्यांना शेखरने नाइलाजाने तोच नंबर दिला, कारण ते फोनवरच मुलाखत घेणार होते.

सकाळपासून तो धाऊच्या ओट्यावर बसून होता. कुणी पाणीही विचारलं नाही. घंटी वाजली तसा तो आत धावला, पण रिसीव्हर धाऊने आधीच उचलला होता. पलीकडून कुणीतरी इंग्रजीत शेखर आहे का, असं विचारत होतं.

"दादा, माझाच हाय तो. दे रे, पाया पडतो तुझ्या."

धाऊने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

मग तो जन्मात पहिल्यांदा इंग्रजी बोलला, "राँग नंबर."