मागचं डावं चाक

"दाब म्हटलं की दाबायचं, सोड म्हटलं की सोडायचं," एवढंच हरेशनं निशिगंधावहिनीला सांगितलं होतं. पण शेजारच्या गल्लीत हळदीचा बेंजो सुरू झाला आणि कुणाचं कुणाला ऐकू येईना. मग खूण ठरली. त्यानं पान्यानं गाडीच्या पत्र्यावर एकदा ठोकलं की निशिगंधानं ब्रेकचं पेडल दाबून धरायचं. दोनदा ठोकलं की सोडायचं.

दुपारभर कोपरखैरण्याच्या घरासमोर बसून त्यानं मागच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकचे कॅलिपर खोलले होते. पिस्टन गंजून जागीच बसले होते. ते ओढून काढले, पॉलिश पेपरनं घासले, नवे रबर सील घातले, परत बसवले. बॅटरीही नवी टाकली. आता ब्रेकच्या पाइपातली हवा तेवढी काढायची राहिली होती, आणि त्याला दोन माणसं लागतात.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची, कमळाकरची. तो गेल्यापासून ताडपत्रीखाली उभी होती. पुलाच्या उतारावर कमळाकरच्या छातीत कळ आली, तेव्हा मागच्या सीटवर निशिगंधा आणि पोरगी मनू होत्या. त्यानं ब्रेक दाबला, गाडी कडेला थांबली, आणि तो तसाच गेला. जमलेल्या लोकांना त्याचा पाय पेडलवरून ओढून काढावा लागला होता. निशिगंधाला आता ऐरोलीत नोकरी लागली होती. गाडी ती स्वतः चालवणार होती.

उजवं चाक झालं. हरेश डावीकडे, भिंत आणि गाडीच्या फटीत उकिडवा बसला. कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलला नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडलं. ठोकलं. मागचा दिवा लागला, भिंतीवर तांबडा उजेड पडला. त्यानं निपल सैल केला, बुडबुड्यांसकट काळं तेल बाटलीत उतरलं. निपल आवळून दोनदा ठोकलं. दिवा विझला.

वहिनीला आता चांगलं जमायला लागलं होतं. उजव्या चाकाच्या वेळी ती मध्येच पाय उचलत होती. आता एकदाही चुकत नव्हती. उलट पाना पत्र्याला लागायच्या आतच दिवा लागत होता.

एकाएकी बेंजो थांबला.

"हरेश, चा घे."

निशिगंधा घराच्या दारात उभी होती. दोन्ही हातांत कप.

हरेशनं भिंतीकडे पाहिलं. तांबडा उजेड तसाच होता.

"वयनी... तू कवा उतरलीस?"

"तू या बाजूला आलास तवाच. पाय भरून आला. हाक मारली, तुला ऐकू गेलं नाय."

"मग गाडीत कोन हाय?"

"कोन असनार? मनू क्लासला गेलीय."

मान वर करून काचेतून बघायचा त्याला धीर झाला नाही. निपल उघडा होता. त्यानं तो कसाबसा आवळला आणि दोनदा ठोकलं. दिवा विझला नाही. पुन्हा ठोकलं. पाना हातातून निसटून खाली पडला. दिवा तसाच.

निशिगंधाला दिवा दिसला. ती कप पायरीवर ठेवून गाडीपाशी आली आणि टपावर हात ठेवला. जेवायला बोलवावं तशा साध्या आवाजात म्हणाली,

"अवो, आमी पोचलो घरी. सोडा आता."

आत पेडल कुरकुरलं. भिंतीवरचा उजेड गेला.

 मग निशिगंधानं पलीकडे जाऊन दार उघडलं. दुपारी तिनं स्टीअरिंगजवळ ओढून घेतलेली सीट पार मागे सरकलेली होती, लांब पायाच्या माणसाला लागते तितकी.

तिनं ती पुन्हा पुढे ओढली आणि आत बसली.