बासुंदीची चौथी वाटी

व्याह्यांनी स्कूटरचा हट्ट सोडला, तर मुलीच्या लग्नात शंकरप्पांचे त्या काळचे चार हजार रुपये वाचणार होते. म्हणून वैरागहून एसटीत उभ्याने आलेल्या, नवी पेठेत दिवसभर बस्ता बांधून दमलेल्या व्याह्यांना त्यांनी सोलापुरातल्या झकपक हॉटेलात नेलं.

बासुंदीची तिसरी वाटी संपवून व्याही गादीच्या खुर्चीत रेलले. "पाव्हणं, आत्मा लई शांत झाला बघा. स्कूटर ऱ्हाऊ द्या की."

शंकरप्पांचा सगळा शीण पळाला. त्यांनी वाढप्याला हाक मारून चौथी वाटी मागवली.

ती तोंडाला लावत व्याही म्हणाले, "फकस्त वऱ्हाडाला हेच जेवण घाला. आमची हजारच माणसं हायत."

बिल शंकरप्पांनीच दिलं, आणि गल्ल्यावर हजार ताटांचा भाव विचारला.