चित्र अडकतंय

"अडकला गं पुन्हा!" आईने टॅबलेट लेकीपुढे धरला. दादाचा चेहरा कसला, पडद्यावर नुसते करडे-तपकिरी चौकोन. आवाज मात्र खणखणीत होता.

"आई, ऐकू येतंय ना?"

"येतंय रे मन्या. तू दिसत नाहीस पण."

"इकडूनही तू दिसत नाहीस. थांब, काम संपलं की पुन्हा लावतो." आणि ते चौकोनही गेले.

दादा परदेशी नोकरीला गेला तो गेलाच. सहा वर्षांत फिरकला नव्हता, आणि गेले कित्येक महिने आईला त्याचं तोंड फोनवरही दिसलं नव्हतं; लेकीशी त्याचं बोलणं नुसतं मेसेजवर. लेक कालच माहेरी आली. आल्या आल्या आईने तिचा हात धरला, "एवढं कर माझं. एकदा दाखव गं मला त्याला." लेकीने छातीवर हात ठेवून कबूल केलं. ऑफिसात ती दिवसभर नेटवर्कच तर सांभाळायची.

"नेट स्लो आहे, दुसरं काय," बाबा म्हणाले.

बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, पण हात स्वस्थ बसतील तर शपथ. राउटर आणला आणि आठवड्याच्या आत त्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर पुसून इंटरनेटवरचं फुकटचं टाकलं. "कंपनी देते ते अगदीच बाळबोध. यात आपल्याला हवं ते करता येतं," हे येईल त्याला ऐकवायचं. घरातल्या प्रत्येक वायरला त्यांनी नावाची चिठ्ठी चिकटवली होती. वायरी संपल्या तशी स्वयंपाकघरातल्या डब्यांची पाळी आली, मग कपाटांची.

"बाबा, आता आईलाच तेवढी चिकटवायची राहिली," लेक म्हणाली. आई खळखळून हसली. बाबा हसले नाहीत.

लेक कामाला लागली. राउटर बंद करून चालू केला. फ्रिजमागे कोंबला होता, तो टेबलावर आणला. शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी टाळायला चॅनेल बदलला. वायरसुद्धा बदलून झाली. तिच्या फोनवर तेच नेट सुसाट पळायचं आणि आईच्या टॅबलेटवर ढिम्म हलायचं नाही.

"टॅबलेट जुना झालाय," बाबा म्हणाले.

तिने टॅबलेट आपल्या फोनच्या नेटला जोडून पाहिला. तोही पळायला लागला.

"टॅबलेट ठणठणीत आहे. राउटरचा पासवर्ड सांगा."

"विसरलो."

लेकीने मान वर केली. नोकरीतले फोन नंबर अजून तोंडपाठ असलेला माणूस, आणि पासवर्ड विसरला? दादा आजारी तर नसेल? काहीतरी भलतंच झालंय आणि हे दोघे बापलेक मिळून आईपासून लपवतायत की काय?

"बाबा, दादा बरा आहे ना? खरं सांगा."

"त्याला काय धाड भरलीय!" बाबा आईकडे बघत म्हणाले. "आवाज येतोय ना नीट? आवाज पुरे."

"पुरे कसा?" आई म्हणाली. "लेकराला बघून किती दिवस झाले. जेवतो का नाही कोण जाणे. उन्हातान्हात हिंडत असेल नुसता."

"चाळिशी ओलांडली त्याने, आई," लेक हसून म्हणाली. पण तिचं लक्ष बाबांकडे होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

बाबांचा लॅपटॉप कोपऱ्यात उघडाच पडला होता. ते उठायच्या आत ती तिथे पोचली. राउटरचं पान समोरच होतं, आणि त्यात बाबांनी स्वतः घातलेला एक नियम. नाव दिलं होतं, 'हिचा टॅब'. पुढे वेगाची मर्यादा. इतकी बेताची, की आवाज जाईल आणि चित्र गुदमरेल.

तिने बाबांकडे वळून पाहिलं.

"हे तुम्ही केलंत?" तिने हळूच विचारलं.

"काढू नकोस ते." बाबा घाईघाईने जवळ आले. "रात्री सांगतो सगळं. आत्ता नको. हात जोडतो तुला."

"आत्ताच सांगा. काय झालंय दादाला?"

आई शेजारीच बसली होती, केस नीट विंचरून, ठेवणीतले कपडे घालून, टॅबलेट मांडीवर घेऊन. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

लेकीचं डोकंच फिरलं. आईला इतकी आस लागलीय आणि हे घरातल्या घरात लपाछपी खेळतायत! काय असेल ते असो, आईला तिचा मुलगा बघायचा हक्क आहे. तिने नियम पुसून टाकला.

तेवढ्यात टॅबलेट वाजला. बाबा राउटरच्या प्लगकडे धावले. लेक आडवी आली.

"बस्स झालं, बाबा!"

चित्र लख्ख उमटलं. लेकीने आधी दादाचे गाल पाहिले, मग डोळे. दादा चांगला गरगरीत झाला होता. टक्कल पडलेलं, दाढी पांढरी व्हायला लागलेली, बाकी धडधाकट. लेकीच्या जिवात जीव आला. आणि मग असा राग आला बाबांचा! उगाच सगळ्यांचा जीव टांगणीला लावला.

"बघ आई, बघ! दिसला की नाही?"

"आई!" दादा पडद्याजवळ वाकला. "किती दिवसांनी दिसतेयस गं!"

आईने चष्मा सारखा केला. टॅबलेट जवळ घेतला, थोडा लांब धरला. मग जरा सावरून बसली आणि ओळख नसलेल्या माणसाकडे बघून हसावं तशी हसली.

"अहो," ती अदबीने म्हणाली, "तुम्ही जरा बाजूला होता का? मागून माझा मन्या बोलतोय, तो दिसत नाहीये मला."